आधी कोणाचंच नसलेलं नाव

सन दोन हजार चोवीस. मी ऐंशी वर्षांचा होतो. कागदावर ऐंशी, खरं वय आईला ठाऊक होतं आणि ती सांगायला राहिली नाही. त्या वर्षी आमच्या नातवाचं लग्न ठरलं, आणि गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदाच मला कोणीतरी कसला तरी मान देऊ केला. तो मला तेव्हाच खटकला.

मुलगी गिरगावातली, फणसवाडीतली. शिकलेली, दादरला कसल्याशा हापिसात कामाला. पहिल्यांदा आमच्या लालबागच्या खोलीत आली, वाकून नमस्कार केला, चहा प्याली, कप स्वतः विसळून पालथा घातला. आणि निघताना सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आजोबा, लग्नानंतर मला नवीन नाव हवंय. आडनाव नाही म्हणत, पहिलं नाव. आणि ते तुम्ही ठेवायचं. वेगळं बघा, सगळ्यांचं असतं तसलं नको."

नातू तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

पूर्वी आमच्यात ही रीत होती. नवरी सासरी आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने तिचं नवीन नाव लिहायचं, ते सगळ्यांना सांगून पेढे वाटायचे. तिथून पुढे माहेरचं नाव संपलं. आता कोण करतं? माझ्या सुनेनेच बत्तीस वर्षांपूर्वी ठणकावलं होतं, नाव बदलणार नाही. नाही बदललं. मग ही शिकलेली पोर आपणहून नाव टाकायला निघते, आणि नवं ठेवायचं काम चौथी अर्धवट सोडलेल्या म्हाताऱ्याला देते? गिरणीत मी एक गोष्ट शिकलो. मुकादम आपणहून चहा पाजायला लागला की समजायचं, पुढे काहीतरी अवघड येतंय.

पहिला संशय आला तो खोलीचा. आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे. खोली माझ्या नावावर, आणि बिल्डरच्या संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला मान द्यायचा, मऊ करायचा, मग कागद पुढे सरकवायचा. मुलाला मी सरळ सांगून टाकलं की नावाच्या बदल्यात सही मिळणार नाही. तो म्हणाला, बाबा, तुम्ही कुठून कुठे जाता. आता, ज्याच्या मनात काही असतं तोही असंच म्हणतो.

दुसरा संशय मुलीचा. माणूस आपलं नाव कधी टाकतो? पोलीस मागे असला तर. सावकार मागे असले तर. नाहीतर आधीचं एखादं लग्न मोडलेलं असलं तर. हे मी घरात बोललो नाही. घरात बोललं की ते फोनवरून फणसवाडीत पोचतं.

तोवर नावं शोधणं चालू होतं. नातू संध्याकाळी जेवायला बसला की फोन काढायचा आणि नाव वाचून त्याचा अर्थ सांगायचा. सूर्याचा पहिला किरण. देवीचं एक नाव. पहाटेचं दव. तेजस्वी. पुन्हा देवीचं एक नाव. मी विचारलं, देवीला नावं किती? म्हणाला, हजार असतील. म्हटलं, मग हजार पोरींचा अर्थ एकच झाला की. त्या फोनमध्ये एका नावाचाही अर्थ वाईट निघाला नाही, यावरूनच मला त्याचा भरवसा वाटेना. जगात एवढे किरण आणि एवढं दव असतं तर लालबागला अंधार कधी पडलाच नसता.

माझ्या नावाचा अर्थ सांगायला फोन लागत नाही. पायाला ठेच लागली की कळतो. आईची माझ्याआधीची मुलं जगली नाहीत. मी झालो तेव्हा आजीने सांगितलं, याला चांगलं नाव ठेवू नका, मरण चांगल्या नावाकडे वळून बघतं. म्हणून मला वाटेवरच्या दगडाचं नाव ठेवलं. मरण आलं असेल, बघितलं असेल, दगड समजून पुढे गेलं असेल. कोकणात आमच्या पिढीत असले धोंडे, केरकचरे पुष्कळ सापडतील. मला त्या नावाची लाज कधी वाटली नाही. हजेरीला मुकादम हाक मारायचा तेव्हा मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओ द्यायचो.

तर मी एके दिवशी चष्म्याचं कारण सांगून घराबाहेर पडलो आणि बस पकडून ठाकुरद्वारला उतरलो. स्थळाची चौकशी करायची ती पायाने करावी, फोनवर नाही. फणसवाडीच्या तोंडाशी वाण्याला विचारलं. माणसं चांगली, उधारी नाही. चांगलंच सांगणार, गिऱ्हाईक आहेत. मग फुलवाल्याकडे गेलो, उगाच दोन गुलाब घेतले आणि त्या घराचं नाव काढलं. तो म्हणाला, "त्यांचा लहान हार असतो, दर गुरुवारी. फोटोला."

आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की त्या घरात कोणी गेलंय. आजी-आजोबा म्हणावेत तर त्यांना लहान हार कशाला?

दुसऱ्या मजल्यावर मुलीची आई एकटीच होती. मला बघून गडबडली, पण बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, इकडे आलो होतो, वर डोकावलो. खोली नीटनेटकी. समोरच्या भिंतीवर फोटो होता. तीन-चार वर्षांची पोर, फ्रॉकमध्ये, केसांना रिबीन, फोटोला हार. खाली रंगाने नाव लिहिलेलं. अक्षरं जोडायला मला वेळ लागतो, म्हणून मी ती दोनदा जोडली. आमच्या होणाऱ्या नातसुनेचं नाव. पुढे वडिलांचं नाव, तेच. आडनाव तेच.

जी पोर चार दिवसांपूर्वी माझ्या घरी कप विसळून गेली तिला इथे हार घातलेला.

बाईंनी माझी नजर बघितली आणि जराही न बिचकता सांगितलं. ती थोरली. पाच पुरी व्हायच्या आत तापाने गेली. वर्षभराने ही झाली. डोळे तेच, हसणं तेच, उजव्या कुशीवर झोपायची खोडही तीच. परत आलेल्या पोरीला दुसरं नाव कसं ठेवायचं, म्हणून तेच ठेवलं. वाढदिवससुद्धा थोरलीच्याच तारखेला करतात. "ही तीच आहे, आजोबा," बाई म्हणाल्या आणि उठून फोटोचा हार सरळ केला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि उजेड पडला की माझं तोंड थांबत नाही. मी म्हटलं, "म्हणून तिला नाव बदलून हवंय होय."

बाई वळल्या. "कोणाला? ती तर म्हणाली तुमच्याकडे बदलतात. तुमची रीत आहे."

"आमच्याकडे आता कोणी बदलत नाही. माझ्या सुनेचंही नाही बदललेलं. ती आपणहून मागायला आली."

बाई चहा बघते म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. चहा आला तो उकळून काळा झालेला. मी चहा संपवला, गुलाब तिथेच ठेवले आणि उतरलो. खोटं पकडल्याचा आनंद मला बसस्टॉपपर्यंत पुरला.

मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणणार नाही. खरं तेच बोललो होतो. पण घरी येऊन जेवायला बसलो आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. संध्याकाळी शिवाजी पार्कला कट्ट्यावर या, एकटे या, नातवाला सांगू नका. म्हटलं, आता ही भांडणार. भांडू दे. भांडणाला मी कधी उशिरा गेलेलो नाही.

ती माझ्याआधीच येऊन बसली होती, हापिसची पिशवी मांडीवर घेऊन. समोर पोरं नेटमध्ये बॉलिंग टाकत होती. तिने नमस्कार केला नाही. म्हणाली, आई कालपासून जेवलेली नाही. नाव टाकायचं असेल तर लग्न नको म्हणते. म्हणते, मी ताईला दुसऱ्यांदा मारतेय.

"मग मला आधी खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आमच्या घरी जाऊन बोलला असतात."

"नाही सांगितलंस म्हणून गेलो."

यावर तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. मग हळूहळू सांगितलं. लहानपणी ताप आला की आई रात्रभर उशाशी बसायची, आणि पोरीच्या नाही, फोटोच्या तोंडाकडे बघायची. ती पाच वर्षांची झाली तेव्हा आईने सगळ्या वाडीत पेढे वाटले होते, आणि पेढे कशाचे हे पोरीला पुष्कळ वर्षांनी कळलं. आईवर तिचा राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं, म्हणाली.

"शाळेत बाई हजेरी घ्यायच्या ना, आजोबा, तेव्हा मला वाटायचं मी दुसऱ्या कोणाची हजेरी लावतेय."

आणि नाव आपणहून बदललं तर आई मोडून पडणार, हे तिला ठाऊक होतं. सासरची रीत म्हणून बदललं तर आई रडेल, सासरच्यांना चार शब्द बोलेल, पण पोरीवर रुसणार नाही. एवढी एकच वाट होती. ती मी बंद केली होती.

मी विचारलं, मग हे माझ्याच गळ्यात का? तर म्हणाली, "तुमच्या घरी सगळे सांगतात, आजोबा एकदा बोलले की मागे घेत नाहीत. मला तसला माणूस पाहिजे होता."

ही स्तुती की शिवी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग मी तिला माझ्या नावाची गोष्ट सांगितली. तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला दगड केलं आणि मला फोटो."

मी म्हटलं, बाय गे, नाव कसलं पाहिजे ते तरी नीट सांग. म्हणाली, जे आधी कोणाचंच नव्हतं असं. आता आली का पंचाईत. आमच्या चाळीत मी साठ वर्षं राहतोय. कुठलंही नाव घ्या, त्या नावाची एक बाई माझ्या डोळ्यांसमोर तिरडीवरून गेलेली आहे. एक घे म्हटलं तर ती तळमजल्यावरची, दुसरं घे तर माझ्या मित्राची बहीण. ज्याची बाई मेली नाही असं नाव माणसांत मिळत नाही.

माणसांत नाही, पण आमच्या गावच्या घरामागे, डोंगराच्या अंगाला, एक झरा आहे. त्याला आमची चार घरं एका नावाने ओळखतात. कुठल्या नकाशात नाही. शेजारच्या वाडीला विचाराल तर तिथेही सांगता येणार नाही. पाण्याला गेली होती कुठे, तर तिथे, असं आई म्हणायची. ते नाव मी तिला सांगितलं.

तिने ते दोनदा उच्चारून बघितलं, कैरीची फोड चाखावी तसं. अर्थ काय, विचारलं. म्हटलं, अर्थ नाही. असलाच तर तो सांगणारं कोणी उरलं नाही. तिने फोनमध्ये शोधलं. काही निघालं नाही, आणि फोन रिकामा निघाला याचा आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. पण पोर माझ्यासारखीच संशयी. फोन पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "तिथे कोणी बुडालं नाही ना कधी?"

"घोट्याएवढं पाणी. म्हैस बसली तर पाठ भिजत नाही."

हे सगळं मी सावकाश, अक्षर अक्षर जोडून लिहितोय, पण ते नाव इथे लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी उचलेल, कोणी फोनमध्ये टाकेल, वर देवीचं एक नाव असा अर्थही लावेल. मग ते तिचं एकटीचं राहणार नाही. वाचणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

रविवारी आम्ही सगळे फणसवाडीत गेलो. मुलगा, सून, नातू आणि मी. लग्न ठेवायचं की मोडायचं हे बोलायला बसलो होतो, पण सुरुवात कोणी करेना. मुलीचे वडील कमी बोलणारे, ते पंखा कमी-जास्त करत होते. बाईंचे डोळे सुजलेले. मुलगी आणि आई दोन भिंतींना दोघी. फोटो मधोमध.

मीच सुरू केलं. म्हटलं, परवा मी इथे येऊन खोटं बोललो. नाव बदलायचं मुलीच्या मनात नव्हतं, आमच्या घरी यायच्या आधीच गुपचूप फोन करून तिच्या तोंडात ते मी घातलं. आमच्या घराण्यात नवरी माहेरचं नाव घेऊन उंबरा ओलांडत नाही. आजकाल असलं बोललं की लोक तोंडावर शिव्या देतात, म्हणून तिच्या नावावर खपवत होतो. आता उघड सांगतो. नाव मी ठेवणार आणि तेच राहणार.

सून माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "बाबा, माझं कुठे बदललं?"

याचा विचार मी केलाच नव्हता. तरी थांबलो नाही. "तेव्हा तुझी सासू आडवी आली. राहिलं ते राहिलं. ती चूक परत नाही करायची."

माझी बायको असती तर पदर खोचून पुढे आली असती. ती नव्हती म्हणून खपलं. पण सुनेचं तोंड मी बघितलं. बत्तीस वर्षं या बाईने मला गरम भाकरी वाढली, आणि मी परक्या घरात, चार माणसांत तिला चूक म्हणालो. नातू उभा राहिला. "आजोबा, लाज वाटते का तुम्हाला?" इतकंच बोलला. मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही.

मुलीच्या आईने विचारलं, नाव नाही बदललं तर?

"तर नवरा दुसरा बघा."

मुलगी खालच्या लाद्यांकडे बघत होती. तिने एकदा जरी माझ्याकडे वर बघितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. नाही बघितलं. पक्की निघाली. बाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या, मग पोरीकडे. मग उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असल्या माणसाच्या घरात जायचंय तुला?"

मुलीने होकाराची मान हलवली.

"मग बदलू दे. तांदळातली अक्षरं, हात फिरवला की जातात. मी हाक मारायची ती मारीन."

मी म्हटलं, तुमच्या घरात तुम्ही काय वाटेल ते म्हणा. त्यानंतर चहा आला, आणि तो चांगला झाला होता, आलं घातलेला. मला तिथेच शंका आली. ज्याचा राग आलाय त्याला कुठली बाई आलं किसून चहा देते? मागच्या दिवाळीत त्या फराळाला आल्या तेव्हा ती शंका फिटली. सगळे आत असताना मला हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही बरं का." म्हणून तर हे आता लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं माझा समज होता की मला येतं.

लग्नापर्यंत सून माझ्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची, पाणी ठेवायची, आणि जायची. चाळीत बातमी फिरली. गॅलरीतल्या पोरी मला बघून आपसात हसायच्या, एकीने तर विचारलं, आजोबा, आमचं पण बदलता का. मुलगा म्हणाला, या वयात हा हट्ट कशाला. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सून दोन मिनिटांत निवळली असती, पण तिला एखादी गोष्ट कळली की तिच्या बहिणीला कळते, आणि तिची बहीण गिरगावात राहते.

लग्न झालं. संध्याकाळी नवरी आमच्या खोलीत आली, माप ओलांडलं, पूजा झाली. ताटात तांदूळ पसरले. नातवाने अंगठी धरून ते नाव लिहिलं, दात-ओठ खात, जणू माझंच नाव पुसतोय. कोणीतरी मोठ्याने वाचलं. तसलं नाव कोणी ऐकलंच नव्हतं. बायका अर्थ विचारायला लागल्या. ज्याला जो वाटला तो त्याने लावला. सुनेने पेढे वाटले, मला सगळ्यांच्या शेवटी दिला. नवरी तांदळाकडे बघत बसली होती. ताट उचलायला गेले तर म्हणाली, थोडा वेळ राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराजवळ खुर्चीत होतो. नातसून आत ओट्याशी सुनेच्या हाताखाली होती. तिचा फोन माझ्या शेजारी चार्जिंगला लावलेला, तो वाजायला लागला. वर आई असं आलं. मी उचलला. माझा आवाज बाईंनी ओळखला. मग म्हणाल्या, "उठली का हो ती?"

नाव नाही घेतलं त्यांनी. जुनंही नाही, नवंही नाही.

मी फोनवर तळवा दाबून धरला, तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून, आणि आत तोंड करून नव्या नावाने हाक मारली. ओ आली नाही. त्या नावाला ओ द्यायची कोणाला सवयच नव्हती. मी तळवा आणखी घट्ट दाबला आणि परत हाक मारली.